मँडोलिन, बँजो अन् गिटार एकत्र सुरात राहत नाहीत? खुंटीला हात लावायच्या आधी तार बघा

आम्ही तिघं दर रविवारी सकाळी नागपूरच्या त्रिमूर्ती नगरात गच्चीवरच्या खोलीत बसतो. माझी गिटार, महाल भागातून स्कूटरवर येणाऱ्या काकांचं मँडोलिन आणि इंजिनिअरिंगच्या एका पोराचा पाच तारांचा बँजो. दोन वर्षं झाली, त्रास एकच. नऊ वाजता सगळं लावायचं, साडेनऊला काकांची ए (तारांची नावं इंग्रजी सुरांवरून, ए बी सी डी अशी) हललेली, पोराची तिसरी तार हललेली, माझी बी हललेली, परत लावा, परत वाजवा, परत तेच. प्रत्येकाचा ट्यूनर (सूर बरोबर लागला का ते दाखवणारं यंत्र) हिरवा दाखवून राहिला आणि तिघांनी मिळून जी चा कॉर्ड (जुळणारे सूर एकदम) मारला की कानाला टोचते. त्यात काकांची वरची ई महिन्यातून दोन-तीनदा तुटायची.

काका म्हणाले खुंट्या गेल्या. बदलल्या. पैसे गेले, फरक काहीच नाही. मग मी एकेक गोष्ट बाजूला काढत गेलो आणि जे सापडलं ते इथं सगळं लिहून ठेवतो, कारण हाच त्रास मला अजून चार जणांनी सांगितला आणि चौघांनीही आधी खुंटीलाच दोष दिला. खुंटीचा दोष खरंच क्वचित असते. तार चुकीची, ब्रिज (वाद्याच्या पोटावर तारा टेकतात ती पट्टी) सरकलेला, नाहीतर आपली नागपूरची हवा, या तिघांतच बहुतेक वेळा उत्तर असते.

आधी कोणाच्या कोणत्या तारा कुठं लागतात ते डोक्यात पक्कं करा, यात गोंधळ असला तं पुढचं सगळं वाया. गिटार जाडीकडून बारीककडे ई ए डी जी बी ई. मँडोलिन जी डी ए ई, म्हणजे व्हायोलिनसारखंच, फक्त प्रत्येक तारेची जोडी, एकूण आठ तारा. पाच तारांचा बँजो आम्ही ओपन जी मध्ये लावतो, म्हणजे मोकळ्या तारा वाजवल्या की जी चाच कॉर्ड, चौथीकडून डी जी बी डी, आणि पाचवी म्हणजे ती अर्ध्या मानेवरून सुरू होणारी आखूड तार, ती वरचा जी. आता गंमत बघा, गिटारच्या मधल्या तीन डी जी बी आणि बँजोच्या चौथी तिसरी दुसरी या अगदी त्याच पट्टीच्या आहेत, म्हणूनच गिटारवाला बँजोवर लवकर बसतो. बँजोची पहिली डी आणि मँडोलिनची डी एकच. पण तिन्ही वाद्यांवर मोकळी वाजणारी सामाईक तार एकच आहे, १९६ हर्ट्झचा (सेकंदाला १९६ कंपनांचा) जी. गिटारची तिसरी, बँजोची तिसरी, मँडोलिनची सगळ्यात जाड जोडी. आम्ही आता लावायची सुरुवात याच जी पासून करतो, तिघं एकामागून एक तोच जी वाजवतात, तो जुळल्याशिवाय पुढं जायचं नाही. अर्धा गोंधळ इथंच संपला, कारण आधी प्रत्येक जण आपापल्या कोपऱ्यात ए नाहीतर ई पासून लावत बसायचा.

आणि हाच जी तिन्ही वाद्यांवर किती वेगळ्या तारेतून निघते ते बघा. गिटारच्या लाइट म्हणजे बारीक तारांच्या सेटमध्ये ती २४ ची गुंडाळलेली, वरून दुसरी तार वेढलेली तार (२४ म्हणजे ०.०२४ इंच, सगळे असंच बोलतात), बँजोच्या लाइट सेटमध्ये १३ ची साधी तार, मँडोलिनच्या मीडियम सेटमध्ये ४० ची गुंडाळलेली. आवाज तोच, जाडी तिपटीनं वेगळी. कारण लांबी. गिटारची तार नटपासून (मानेच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी) ब्रिजपर्यंत साडेपंचवीस इंचाच्या आसपास, बँजोची सव्वासव्वीस, आणि मँडोलिनची जेमतेम पावणेचौदा-चौदा. आखूड तारेतून तोच खालचा सूर काढायचा तर तार जड पाहिजे. हे मर्सेन नावाच्या फ्रेंच पाद्र्यानं १६३६ साली छापून ठेवलंय: तार अर्धी केली की सूर दुप्पट, ताण चौपट केला की सूर दुप्पट, तारेचं वजन चौपट केलं की सूर अर्धा. दुकानात "मँडोलिनचा सेट नाही, गिटारचाच टाकून देतो, तार ती तारच" असं कोणी म्हणलं तर हे तीन नियम आठवा.

काकांच्या बाबतीत हेच झालं होतं. एका दुकानात (नाव नाही लिहीत) त्यांना गिटारच्या सेटमधल्या तारा जोडी-जोडीनं बसवून दिल्या होत्या, वर १२ ची, तिच्याखाली १६ ची, मग २४, मग ४२. दिसायला बरोबर. पण मँडोलिनचा मीडियम सेट ११, १५, २६, ४० असते आणि लाइट १०, १४, २४, ३८. वर ११ च्या जागी १२ टाकली तर त्याच सुराला ताण जवळपास वीस टक्क्यांनी वाढते, आणि तोही दोन-दोन तारांवर. आधीच आठ तारांचं हे छोटं वाद्य मीडियम सेटवर एकूण ८० किलोच्या आसपास ओढ सहन करून राहते, सहा तारांची गिटार लाइट सेटवर ७०-७५ किलो, आणि बँजो तं फक्त २५ किलोच्या आसपास. तिघांत सगळ्यात लहान वाद्यावर सगळ्यात जास्त ओढ आहे हे बहुतेकांना माहीतच नसते. काकांच्या मँडोलिनचं वरचं लाकूड ब्रिजखाली थोडं दबलं होतं, मान किंचित पुढं आली होती, आणि तारा बोटाखाली उंच वाटायला लागल्या होत्या. जास्त ओढीनं मान हलून राहिली आणि आपण खुंट्या बदलून राहिलो.

आता ई तुटायचं. इथं एक गैरसमज आहे, मीही तो बरेच दिवस धरून होतो, की बारीक तार तुटते म्हणून जाड टाका. साध्या स्टीलच्या तारेत ती कोणत्या सुराला तुटेल हे लांबीवर ठरते, जाडीवर नाही. जाड तारेला तोच सूर गाठायला जास्त ओढ लागते आणि ती ओढ तिच्या जाडीत वाटली जाते, हिशोब तिथंच येते. मँडोलिनची वरची ई ६५९ हर्ट्झची, म्हणजे गिटारच्या पहिल्या तारेच्या बाराव्या फ्रेटचा (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्टीचा) सूर. हाच सूर गिटारच्या पूर्ण लांबीवर मोकळ्या तारेत लावायला गेलात तर नऊची टाका की बाराची, तार त्या सुरापर्यंत पोचायच्या आधीच तुटणार. मँडोलिनच्या लांबीवर ती टिकते, पण तिघांच्या साध्या तारांत सगळ्यात जास्त ताणलेली तीच असते. त्यामुळे छोटा ओरखडा, छोटी धारही तिला पुरते.

म्हणून ई तुटली की आधी कुठं तुटली ते बघा, तुकडा फेकू नका. शेपटीकडच्या फाशाजवळ तुटली तर फासा सैल वळलेला नाहीतर टेलपीसच्या (शेपटीकडे तारा अडकवायचा पत्रा) आकड्याला धार आहे. ब्रिजवर तुटली तर ब्रिजची खाच टोकदार झाली, बारीक पॉलिश पेपरची घडी करून हळूच गोल करा, खोल नका करू. नटजवळ तुटली तर खाच अरुंद आहे. खुंटीच्या दांडीवर तुटली तर दांडीच्या भोकाची कड बघा, जुन्या वाद्यांत तिथं पत्र्यासारखी धार उठलेली असते. काकांची दरवेळी टेलपीसजवळच तुटत होती. गिटारच्या तारेला शेवटी पितळी दाणा असते, मँडोलिन आणि बँजोला मात्र बहुतेक फाशाची तार लागते. दुकानदारानं दाणा तसाच आकड्यात कोंबून वर पिळ मारला होता, तो पिळच कापत होता. अडचणीला गिटारची १० किंवा ११ ची सुटी साधी तार मँडोलिनवर चालते, ती शेवटी तीच स्टीलची तार आहे, फक्त दाणा पकडीनं दाबून फोडून काढा, आतला फासा मोकळा होतो, तो आकड्यात टाका. दाणा काढताना डोळ्यांवर चष्मा असू द्या, पितळेचा तुकडा उडते.

उलटंही करू नका. नायलॉनच्या तारांच्या क्लासिकल गिटारवर स्टीलच्या तारा चढवलेल्या मी दोन पाहिल्या, दोन्हींचा ब्रिज उखडायच्या बेतात होता. ते वाद्य त्या ओढीसाठी बांधलेलंच नसते.

बँजोच्या तारा मागताना आपल्या भागात एक वेगळीच अडचण येते. नागपुरात, नागपुरात काय अख्ख्या महाराष्ट्रात, बेंजो म्हणलं की दुकानदाराच्या डोळ्यासमोर गणपतीच्या मिरवणुकीतला बेंजो येते, टाइपरायटरसारखी बटणं असलेला, तो खरा बुलबुल तरंग. त्याचं मूळ जपानात आहे, १९१२ साली नागोयाच्या मोरिता गोरो यांनी बनवलेल्या ताइशोगोतोमध्ये, तिथून तो इकडं येऊन आपला झाला, आणि मिरवणुकीत त्याच्यासारखा आवाज दुसऱ्या कशाचा येत नाही. पण त्याच्या तारा वेगळ्या, लांबी वेगळी. पोरानं फोनवर "बेंजोचा सेट ठेवा" सांगितलं, घरी येऊन बसवला, मग मला विचारते, "दादा, हा काऊन एवढा ढिला वाजून राहिला?" तेव्हा पाकीट बघितलं. आता तो "पाच तारांचा अमेरिकन बँजो, फाशाच्या तारा, ९ १० १३ २० ९" असा पूर्ण आकडाच सांगते. पहिली आणि पाचवी दोन्ही ९ च्या, तेही बरोबरच आहे, कारण पाचवी तार पाच फ्रेट आखूड आहे आणि डी पासून जी पाच घरंच वर आहे (एक घर म्हणजे एक फ्रेट), म्हणजे ओढ दोन्हींवर सारखीच बसते. पाचवीला जाड तार टाकून काही मिळत नाही. आणि चार तारांचा टेनर बँजो कोणाकडे असेल तर त्याचा सेट पुन्हा वेगळा, तो सी जी डी ए नाहीतर मँडोलिनच्या एक सप्तक खाली जी डी ए ई लावतात.

तारा बरोबर बसल्या की मग ब्रिज. गिटारचा ब्रिज चिकटवलेला, त्याची काळजी नाही. मँडोलिन आणि बँजोचा ब्रिज फक्त तारांच्या दाबानं उभा असते, पिशवीतून काढताना धक्का लागला, सगळ्या तारा एकदम काढल्या, की सरकला. मग मोकळी तार ट्यूनरवर बरोबर आणि बोट ठेवलं की बेसूर, आणि माणूस समजते तार उतरली. तपासायला नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंत अंतर मोजा, तेवढंच पुढं ब्रिजपर्यंत पाहिजे, जाड तारांकडे किंचित जास्त. बँजोला सव्वातेरा इंचाहून थोडं कमी, तेरा पूर्णांक एक अष्टमांश, अधिक तेवढंच. मग बाराव्या फ्रेटवर बोट नुसतं टेकवून हार्मोनिक (घंटीसारखा पातळ सूर) घ्या, मग तिथंच दाबून वाजवा. दाबलेला सूर चढा निघाला तर ब्रिज शेपटीकडे सरकवा, उतरता निघाला तर मानेकडे. केसभर सरकवायचं, परत लावायचं, परत बघायचं. मँडोलिनच्या ब्रिजला वर पायऱ्या असतात, ई ची पायरी मानेकडे आणि ए ची शेपटीकडे असते, आणि वरचा तुकडा काढून साफ करताना लोक उलटा बसवतात. काकांचा उलटाच होता! किती वर्षं तसा होता देव जाणे. तारा बदलताना एकावेळी एकच काढायची, हे ऐकून सगळे मान हलवतात आणि घरी जाऊन आठही काढतात.

बँजोच्या बाबतीत ब्रिजच्या खाली कातडं आहे हेही लक्षात ठेवा. आजकाल बहुतेक प्लास्टिकच्या पडद्याचे येतात, त्यांना पावसाचं फार काही होत नाही, पण खऱ्या कातड्याचा असेल तर जुलैत ढिला पडते, ब्रिज खाली बसते आणि सगळे सूर खाली. कसायचं असेल तर स्कूटरच्या चाकाचे नट कसतो तसं समोरासमोरचे, थोडे-थोडे, एकाच बाजूनं कसत गेलात तर पडदा फाटते.

आता आपल्या गावच्या हवेवर येतो, कारण मला वाटते नागपुरात या त्रासाचं निम्मं कारण तीच आहे आणि बाहेरचा कोणी लिहिलेला सल्ला आपल्याला तिथंच कमी पडते. नवतपात (मेच्या शेवटी येणारे कडक उन्हाचे नऊ दिवस) पारा ४५ च्या वर, हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात, आणि आपण काय करतो, वाळ्याच्या ताट्या लावलेला कूलर चालू करून त्याच्या समोर वाद्य घेऊन बसतो. दोन गोष्टी एकदम होतात. स्टीलची तार थंड झाली की आखडते, सूर चढते. आणि कूलरच्या ओल्या हवेनं लाकूड हळूहळू फुगते, वरची फळी वर येते, तेही सूर चढवते, पण ते तासा-दोन तासांनी. म्हणजे काका महालातून उन्हात स्कूटरवर येणार, तापलेलं मँडोलिन तसंच लावणार, कूलरसमोर बसणार, आणि अर्ध्या तासात ते चढणार. डिसेंबरात उलटं, सकाळी खोली बारा-चौदा डिग्री, ऊन आत आलं, बोटांनी तार गरम झाली की उतरते.

यात मला सगळ्यात जास्त कामाचं जे सापडलं ते हे: सगळ्या तारा सारख्या हलत नाहीत. ज्या साध्या तारेवर ताण कमी, ती जास्त हलते. मँडोलिनची ए आणि ई दोन्ही साध्या स्टीलच्या, लांबी तीच, पण ई जास्त ताणलेली आहे, म्हणून तेवढ्याच गर्मी-थंडीत ए ई पेक्षा दुपटीहून जास्त सरकते. हिशोब करून बघितला तर दहा डिग्रीच्या फरकाला ई साधारण दहा सेंट (सेंट म्हणजे एका घराचा शंभरावा हिस्सा) हलते आणि ए वीसच्या पुढं. गिटारवर तीच गत बी ची, पहिल्या ई पेक्षा जास्त हलते. बँजोवर साध्या तारांत तिसरी जी सगळ्यात ढिली, म्हणून तीच आधी बिघडते. म्हणजे दोन वर्षं आम्हाला जी तीन नावं दिसत होती, ए, बी, तिसरी, ती काही तीन वाद्यांच्या तीन वेगळ्या खोड्या नव्हत्या, कारण एकच होतं. हे कळलं त्या दिवशी मला खरंच फार बरं वाटलं.

उपाय सोपा आहे, फक्त धीर पाहिजे. वाद्य पिशवीतून काढून खोलीत वीस-पंचवीस मिनिटं उघडं ठेवा, कूलर चालू असेल तर चालूच ठेवून, फक्त थेट झोतात नको. तेवढ्यात कोपऱ्यावरून तर्री पोहे खाऊन या. मग लावा. केसमध्ये एप्रिल-मे महिन्यात साबणाच्या डबीला भोकं पाडून त्यात पिळलेला ओला स्पंज ठेवा, पाणी गळणारा नको. छोटं आर्द्रता मोजायचं घड्याळ मिळते ते केसमध्ये टाका, ४५ ते ५५ टक्क्यांच्या मधे काटा असला की लाकूड सुखी. पावसाळ्यात स्पंज काढून सिलिका जेलच्या पुड्या. आणि उन्हाळ्यात बंद कारमध्ये वाद्य कधीच ठेवू नका, सरस मऊ पडून गिटारचा ब्रिज उचललेला मी स्वतः पाहिलाय.

नटची खाच. लावताना "टिक" असा आवाज येऊन सूर एकदम उडी मारत असेल तर तार खाचेत अडकून राहिली, खुंटीचा काही दोष नाही. तार बाजूला करून खाचेत मऊ पेन्सिलचं शिसं घासा, लगेच फरक पडते. आणि सूर नेहमी खालून वर आणायचा, वर गेला तर पूर्ण खाली घेऊन परत वर. बँजोवर हे जास्त पाळा, तिथल्या खुंट्या बहुतेक चारास एकच्या (खुंटीचे चार फेरे, दांडीचा एक) असतात, गिटारच्या चौदा-अठरास एक, त्यामुळे बँजोची खुंटी केसभर फिरली तरी सूर बराच हलते. नवीन तारा पहिले दोन-तीन दिवस ताणत जातात, तेव्हा हात लावून हळूच ओढून ताणून घ्या, मँडोलिनच्या ई ला मात्र फार ओढू नका.

इतकं सगळं करूनही आमचं कॉर्ड एकत्र टोचतच होतं, सगळ्यांचे ट्यूनर हिरवे. इथं दोन गोष्टी निघाल्या. पहिली, पोराच्या मोबाइलच्या ॲपमध्ये ए नेहमीच्या ४४० हर्ट्झऐवजी ४३२ वर सेट होता, कधी बोट लागलं त्याला माहीत नाही. ४४० आणि ४३२ मधे ३२ सेंटचा फरक आहे, एका घराचा जवळजवळ तिसरा हिस्सा. तिघांचे आकडे एकमेकांना दाखवा, आम्ही आता एकच क्लिपचा ट्यूनर फिरवतो. आणि ॲप गिटारच्या मोडवर असेल तर मँडोलिनला क्रोमॅटिकवर (सगळे सूर ओळखणाऱ्या मोडवर) आणा, नाहीतर ते भलत्याच तारेचं नाव दाखवते, नवीन माणूस त्या नादात ए वरपर्यंत ओढून तोडते.

दुसरी गोष्ट नाजूक. पोराचा कान चांगला आहे, तो ट्यूनरवर लावून झाल्यावर बँजोची बी कानानं थोडी खाली घ्यायचा, कारण ओपन जी चा कॉर्ड तसाच गोड लागते. त्याचं चूक नाही, शुद्ध गंधार ट्यूनरच्या गंधारापेक्षा १४ सेंट खालीच असते, हार्मोनियमवाले आणि तानपुऱ्यावर गाणारे यांचा जुना वाद तोच आहे. पण माझी गिटारची बी ट्यूनरवर आणि त्याची बी १४ सेंट खाली, दोघं मिळून तोच सूर वाजवतो, मग टोचणारच. काकाही पंचमाच्या हिशोबानं कानानं लावायचे, शुद्ध पंचम ट्यूनरच्या पंचमाहून २ सेंट मोठा, जी पासून ई पर्यंत तीन पंचम, म्हणजे ई जवळपास ६ सेंट वर. एकटे वाजवताना दोघांचंही सुरेल. तिघं मिळून वाजवायचं तर सगळ्यांनी ट्यूनरचाच मानायचा असं ठरवलं. काकांना हे मान्य करायला जड गेलं, "कानाला जे खरं वाटते ते सोडून यंत्राचं काऊन ऐकू?" म्हणाले, आणि मला त्यांचं म्हणणं पटते, पण फ्रेट तर आधीच यंत्राच्या हिशोबानं ठोकलेत, त्यांच्याशी भांडता येत नाही. आता काका घरी एकटे वाजवताना कानानंच लावतात.

मँडोलिनच्या जोड्या लावताना दोन्ही तारा एकदम वाजवून ट्यूनर बघू नका, काटा नाचत राहते. एक तार कागदाच्या घडीनं दाबून दुसरी ट्यूनरवर लावा. मग कागद काढून दोन्ही वाजवा आणि लाट ऐका, वॉव-वॉव-वॉव अशी. एक ४४० वर आणि दुसरी ४४१ वर असली तर सेकंदाला एक लाट, दोनचा फरक असला तर दोन. खुंटी हळू फिरवत लाट लांबत-लांबत गायब झाली की जोडी जुळली. ट्यूनरपेक्षा हे जास्त बारीक काम कानानं होते. यू. श्रीनिवास (१९६९-२०१४) यांचं वादन बघून लोक विचारतात त्यांच्या मँडोलिनला हा त्रास कसा नाही, तर त्यांच्या इलेक्ट्रिक मँडोलिनवर जोड्याच नव्हत्या, एकेरी पाच तारा होत्या, आणि लावणीही कर्नाटकी पद्धतीची षड्ज-पंचमाची. त्यांच्या वाद्यावरून आपल्या आठ तारांचा सेट ठरवू नका.

काकांच्या मँडोलिनवर आता लाइटचा १० १४ २४ ३८ चा सेट आहे, दबलेल्या फळीला तेवढाच आराम. पाच महिने झाले, ई एकदाच तुटली, तीही जुनी झाली होती. केसच्या खिशात आम्ही एक पाकीट ठेवतो: १० च्या दोन साध्या तारा दाणे काढून, १४ ची एक, बँजोसाठी ९ च्या दोन, पकड, पेन्सिल, पॉलिश पेपरचा तुकडा आणि एका कार्डावर तिन्ही वाद्यांचे आकडे. बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) तारा आणायला जो जाते तो त्या कार्डाचा फोटो घेऊन जाते आणि काउंटरवर तोच दाखवते.